शेवटच्या स्टॉपच्या पुढे

एकोणीस वर्षं मी बस आणली इथवर
आणि इथूनच वळवली.
पाटीवर गावाचं नाव: कुरुपनार. म्हणजे कोरडा झरा.
गाव मात्र पाटीपासून तीन किलोमीटर आत.
नाव रोज पोचवलं, मी कधी पोचलो नाही.

आज सुट्टी. निघालो प्रवासी होऊन,
तिसऱ्या सीटवर, खिडकीशी.
स्टिअरिंगवर तोल्गा, वय पंचवीस. बस विजेची, आवाज नाही.
"रिफ्की आबी, सुट्टीतही हाच रूट?"
काय सांगणार. बायको म्हणतेच,
सोडला तरी घाण्याचा बैल गोलच फिरतो.

इस्तंबूल संपतं म्हणतात, तिथं ते संपत नाही.
पाणी घालत गेलेल्या ताकासारखं पातळ होत जातं:
फरश्यांची गोदामं, टायरांचे ढीग,
मग प्लास्टर राहून गेलेली घरं,
गच्चीवर आभाळात घुसलेल्या सळया,
पोराचं लग्न ठरलं की वर मजला चढवू म्हणून.
सळया गंजल्यात. पोराचं काय झालं कोण जाणे.

उतरलो. पांदणीनं चालू लागलो.
दोन्ही बाजूंना ब्लॅकबेरीचे काटे, बोटं जांभळी झाली.
वरून विमान गेलं, इतकं खालून
की चाकं मोजता आली.
शेतात खुंट्या, लाल फिती बांधलेल्या.
कुणीतरी येऊन मोजून गेलंय.
एक खुंटी मात्र उपटून
कुणी टोमॅटोच्या रोपाला आधार दिला होता,
फितीसकट.

चढ संपला आणि खाली खाणी दिसल्या,
कोळशाच्या, सोडून दिलेल्या, आता पाण्यानं भरलेल्या.
पाण्यात काळी डोकी.
आधी वाटलं दगड.
मग एका दगडानं कान हलवला.

काठावर बादली पालथी घालून बसलेली एक बाई,
गुडघ्यांवर हात, पायांत मुलाचे बूट.
"कुठला तू?"
"शहरातला. बस चालवतो." नंबर सांगितला.
तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं,
बाजारात जनावर पाहावं तसं.
"चिनाराच्या वळणावर हॉर्न देणारा?
एक लांब, दोन आखूड?"

हो, म्हणालो. तिथं पुढचं दिसत नाही.
पलीकडे कुणी असेल तर कळावं, म्हणून.

"पलीकडे आम्ही असतो," मुनेव्वर म्हणाली.
"पाच चाळीसला तू वाजवतोस
आणि या पाण्यातून निघतात.
माझा नवरा होता तेव्हा तो ओरडायचा.
गेला, आणि मला ओरडता येत नाही.
मुलगा विमानतळावर बॅगा उचलतो, रात्री येतो.
तुझी सुट्टी असली की पंचाईत.
तो नवा पोरगा मुका आहे."

घड्याळात सहा वाजत आलेले.
ती आणखी काही बोलली नाही.
नुसतं पाण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

मी बावन्न वर्षांचा माणूस.
इकडेतिकडे पाहिलं, हातांचा कर्णा केला.
भोंऽऽऽ. भों. भों.

काही नाही. एक बेडूक तेवढा गप्प झाला.

पुन्हा, पोटातून.
तेव्हा कोमुर नावाची म्हैस, उजवं शिंग मोडलेली,
सावकाश वळली,
काठावर चढली, पाणी निथळत,
आणि तिच्यामागे बाकीच्या,
एकेक करून, न ढकलता.
माझ्या बसमधून असं कुणी उतरलं नाही कधी.

परतताना तिनं साय दिली, डब्यात.
पैसे घेईना. म्हणाली, पास आहे तुझा.

शेवटच्या गाडीला तोल्गाच होता.
"काय आहे तिकडे?"
डबा मांडीवर धरून मी जरा वेळ गप्प बसलो.
मग म्हटलं, चिनाराच्या वळणावर हॉर्न देत जा.
"का? रस्ता तर रिकामाच असतो."
नियम आहे, म्हटलं.
एक लांब, दोन आखूड.